देवळाली संख्या आणि खुली दारे

गणितात एका प्रकारच्या संख्यांना ‘देवळाली संख्या’ असे नाव आहे. नाशिकजवळच्या एका लष्करी छावणीचे नाव जगभरच्या गणिताच्या संदर्भांत जाऊन बसले, ते तिथे राहणाऱ्या एका शाळामास्तरांमुळे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे देवळालीत शिक्षक होते. निवृत्तीनंतरही ते तिथेच राहिले आणि १९८६ मध्ये तिथेच वारले. बी.एस्सी.च्या पुढे त्यांनी पदवी घेतली नाही. विद्यापीठातली नोकरी नाही, संशोधनासाठी पगार नाही, डोक्यावर मार्गदर्शकाचा हात नाही. तरीही संख्यांच्या पाच-सहा कुळांना त्यांनी शोधले, नावे दिली, आणि त्यांतली काही कुळे आज त्यांच्या स्वतःच्या नावाने चालतात.

इंटरनेटवरच्या मोफत साधनांविषयीच्या प्रकरणात कापरेकरांना आधी आणण्याचे कारण साधे आहे. आपापले शिकणाऱ्या माणसाला नेमके काय लागते, त्यातले काय आज फुकट मिळते आणि काय अजूनही ज्याचे त्यालाच आणावे लागते, हे तपासायला इतके स्वच्छ उदाहरण मला महाराष्ट्रात दुसरे दिसत नाही.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आई ते आठ वर्षांचे असतानाच गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हणजे आकडेमोड आलीच. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ मध्ये, विद्यार्थी असतानाच, गणितातल्या स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी आणि पुढच्याच वर्षी देवळालीची नोकरी. मुंबई-नाशिक रेल्वेमार्गावरचे हे गाव तेव्हाही छावणीचे आणि हवापालटाचे ठिकाण होते. तोफखान्याचे प्रशिक्षण, लॅम रोडवरचे बंगले, मुंबईच्या मंडळींची सॅनिटोरियमे, ही त्याची ओळख. गणिताच्या संशोधनासाठी कुणी इथे येईल असे काही इथे नव्हते.

आता त्या देवळाली संख्या काय ते पाहू. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतली तर १५ अधिक १ अधिक ५, म्हणजे २१. कापरेकरांच्या भाषेत १५ ही २१ ची जनक झाली. २१ मध्ये पुन्हा तिचे अंक मिळवले की २४, मग ३०, मग ३३, अशी साखळी पुढे चालत राहते. इथपर्यंत कुणीही येईल. कापरेकरांनी विचारलेला प्रश्न उलट्या दिशेचा होता: जिला कुणीच जनक नाही अशी संख्या असते का? २० घेऊन बघा. १० पासून ११ मिळते, ११ पासून १३, १२ पासून १५, १३ पासून १७, १४ पासून १९, १५ पासून २१. २० मधेच सुटली. एक ते नऊपासून मिळतात त्या २ ते १८ या सम संख्या, त्यांतही २० नाही. म्हणजे २० ला जनक नाही. ती स्वयंभू आहे, म्हणजेच देवळाली संख्या. अशा संख्या ओळीने मांडल्या तर १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८ अशी रांग दिसते. २० पासून प्रत्येक पाऊल अकराचे. आता १०८ नंतर ११९ येणार असे वाटते आणि येते ११०. ही चाल का मोडली? हा प्रश्न सहावीतल्या मुलालाही पडू शकतो, आणि त्याच्या मागे लागणाऱ्याला दशमान पद्धतीच्या आतल्या रचनेपर्यंत जावे लागते. काही संख्यांना तर दोन जनक असतात. १०१ ही ९१ पासूनही निघते आणि १०० पासूनही. अशा संख्यांना कापरेकरांनी जंक्शन हे नाव दिले.

स्टेशनांशी त्यांचे नाते जुने होते. १²= १, ११²= १२१, १११²= १२३२१ या चढत्या-उतरत्या अंकांच्या संख्यांच्या कुळाला त्यांनी ‘डेमलो’ म्हटले; डोंबिवलीच्या स्टेशनावर ही कल्पना सुचली म्हणून. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या १२, १८, २१ यांसारख्या संख्यांना ‘हर्षद’. वर्ग करून त्याचे दोन तुकडे मिळवले की मूळ संख्या परत देणाऱ्या संख्या आज ‘कापरेकर संख्या’ म्हणून ओळखल्या जातात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. दोन्ही तुकडे मिळवा.

आणि अर्थात ६१७४. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी ही संख्या मांडली आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. ३५२४ पासून निघू: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४ च. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोचता. मध्ये वजाबाकी तीन अंकी आली तर पुढे शून्य धरून ती चार अंकीच ठेवायची, एवढेच पथ्य.

ही करामत आज असंख्य छोट्या व्हिडिओंत दिसते. बघणारा चकित होतो आणि अंगठा पुढच्या व्हिडिओकडे सरकतो. शिकणे सुरू होते ते त्यानंतरच्या प्रश्नापासून: असे का होते? त्याचे अर्धे उत्तर आठवीच्या बीजगणितात आहे, म्हणून इथे थोडे थांबू या. अंक मोठ्यापासून लहानाकडे अ, ब, क, ड आहेत असे समजा. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड, लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी केली की उरते ९९९ गुणिले (अ − ड), अधिक ९० गुणिले (ब − क). म्हणजे चार अंक कोणते हे महत्त्वाचेच नाही. बाहेरच्या दोघांतले अंतर आणि आतल्या दोघांतले अंतर, एवढ्या दोनच गोष्टींवर सगळे ठरते. बाहेरचे अंतर १ ते ९, आतले अंतर शून्यापासून फार तर बाहेरच्याइतके. अशा जोड्या मोजल्या तर त्या फक्त ५४ भरतात. हजारो चार अंकी संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ संख्यांत गोळा होतात. मग त्या ५४ एका कागदावर लिहून प्रत्येकीचा पुढचा मुक्काम शोधला की सगळा नकाशा समोर येतो आणि सगळे रस्ते एकाच ठिकाणी जाताना दिसतात. ६१७४ मध्ये बाहेरचे अंतर ७ वजा १ म्हणजे ६, आतले ६ वजा ४ म्हणजे २. ९९९ गुणिले ६ अधिक ९० गुणिले २, ताडून बघा. या अर्ध्या तासाच्या कामात जे हाती लागते ते दहा व्हिडिओ बघून लागत नाही.

कापरेकरांच्या कामाची भारतातल्या सगळ्याच गणितज्ञांनी कदर केली नाही. हे किरकोळ आहे, नुसती अंकांची गंमत आहे, असा सूर होता. टीकेत तथ्य एवढेच, की हे गुणधर्म पुष्कळदा संख्येचे नसून ती दहाच्या पायात लिहिण्याच्या रीतीचे असतात. पण त्याच प्रश्नांनी पुढच्या लोकांना इतर पायांत काय होते ते शोधायला लावले, आणि कितीतरी मुलांना पहिल्यांदा सिद्धतेपर्यंत आणले. माझ्या मते ‘किरकोळ’ हा शिक्का चुकीच्या जागी मारला गेला.

त्या शिक्क्याची किंमत कापरेकरांनी खिशातून मोजली. मोठी नियतकालिके दरवेळी जागा देत नसत, म्हणून त्यांनी पुस्तिका स्वतः छापल्या. ‘द मॅथेमॅटिक्स ऑफ द न्यू सेल्फ नंबर्स’ ही १९६३ ची पुस्तिका देवळालीहूनच निघाली. १९६६ मध्ये पत्नी वारल्यावर निवृत्तिवेतनावर भागेना, तेव्हा त्यांनी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या. ही ओढाताण ज्ञानसाधनेचे भूषण म्हणून सांगू नये. गरिबीने त्यांना घडवले नाही. गरिबीने त्यांचा वेळ खाल्ला.

आणखी एक गोष्ट या काळातली. अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर गणिती खेळांचे सदर लिहीत. मार्च १९७५ च्या सदरात त्यांनी कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांविषयी लिहिले, आणि देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले. पण त्याच्या वर्षभर आधी, १९७४ मध्ये, याच संख्या ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ मध्ये एका प्रश्नातून आल्या होत्या. प्रश्न मांडणारे बर्नार्दो रेकामान हे कोलंबियाचे, म्हणून तिथे त्यांना ‘कोलंबियन संख्या’ हे नाव पडले. एकाच कल्पनेला पृथ्वीच्या दोन टोकांना दोन नावे पडली आणि आजही दोन्ही चालतात. स्वखर्चाने छापलेली, टपालाने फिरणारी पुस्तिका किती लांब पोचू शकते, याची मर्यादा या दोन नावांत दिसते.

नेमकी ही मर्यादा मोडणारे एक साधन आज सर्वांना खुले आहे, आणि मोफत साधनांच्या सगळ्या गर्दीत मी त्याला पहिले स्थान देतो. त्याचे नाव ‘ऑनलाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटीजर सिक्वेन्सेस’, थोडक्यात ओईआयएस. पूर्णांकांच्या रांगांचा कोश. नील स्लोन हे १९६४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. करत असताना त्यांना कामात एक रांग भेटली आणि ती आधी कुणाला माहीत आहे का, हे शोधायला कुठलाच ग्रंथ नाही हे कळले. त्यांनी स्वतःच रांगा टिपून ठेवायला सुरुवात केली. १९७३ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, त्यात २,३७२ रांगा होत्या. मग जगभरातून पत्रे येऊ लागली, ही रांग राहिली, ती राहिली. १९९५ चे दुसरे पुस्तक दुपटीहून मोठे झाले, आणि १९९६ मध्ये कोश इंटरनेटवर गेला. आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक रांगा आहेत.

वापरायची रीत अशी: तुम्हाला सापडलेले आकडे स्वल्पविराम देत शोधचौकटीत लिहायचे. १, ३, ५, ७, ९, २०, ३१ लिहिलेत की ए००३०५२ क्रमांकाची नोंद उघडते. तिथे नाव, पुढचे पद, सूत्रे, संदर्भ, संगणकाला देण्याच्या आज्ञावली, कुणी काय भर घातली त्याची नावे, सगळे मिळते. कापरेकर संख्या ए००६८८६ वर आहेत, हर्षद ए००५३४९ वर, डेमलो ए००२४७७ वर. या कोशाची भाषा इंग्रजी आहे, पण प्रश्न विचारायला इंग्रजीचा एक शब्द लागत नाही, आकडे पुरतात. इंग्रजीच्या धाकाने मागे राहिलेल्या मराठी वाचकाला ही केवढी सोय आहे! आणि नोंदणी केली की तुम्हीही रांग पाठवू शकता. स्वयंसेवक संपादक ती तपासतात, दुरुस्त्या सुचवतात, योग्य वाटली तर घेतात. पदवी विचारत नाहीत. कापरेकरांना अशी चौकट मिळाली असती तर त्यांनी छपाईचे पैसे कागदावर आणि भाजीवर खर्च केले असते, आणि त्यांचा शोध बोगोटाला त्याच संध्याकाळी पोचला असता.

आता तुमच्या हाती काय काय आहे ते पाहू. साधने शेकड्याने आहेत आणि त्यांच्या याद्याही फुकट मिळतात, म्हणून यादी करत नाही. शिकण्याच्या कामात खरोखर उपयोगी पडणाऱ्या थोड्यांविषयीच सांगतो.

सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे बालभारतीची पाठ्यपुस्तके. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची पहिली ते बारावीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. मोठी माणसे तिकडे वळत नाहीत, कारण ती ‘मुलांची’ आहेत. पण ज्याचे गणित नववीत सुटले, त्याला चाळिशीत पुन्हा सुरुवात करायची असेल तर त्याने आठवीचे पुस्तक उघडण्याइतके शहाणपणाचे दुसरे काही नाही. भाषा मराठी, पायऱ्या क्रमाने, प्रत्येक पाठाखाली सोडवायला उदाहरणे आणि मागे उत्तरे. वर ६१७४ साठी आपण जे बीजगणित वापरले ते सगळे तिथे आहे. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्राचेही तेच. प्रौढपणी शालेय पुस्तक वाचताना कळते की तेव्हा परीक्षेच्या घाईत किती गोष्टी नुसत्या ओलांडल्या होत्या.

संदर्भासाठी मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून उभे केलेले हे काम, पहिला खंड १९७६ चा, एकूण वीस खंड. आता सगळे संकेतस्थळावर विनाशुल्क. नोंद कोणी लिहिली हे खाली दिलेले असते, भाषा नेमकी असते. वापरताना एक काळजी घ्यावी. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या जुन्या खंडांतल्या नोंदी त्या त्या काळाच्या आहेत. संकल्पना समजून घ्यायला त्या उत्तम, ताजे आकडे घ्यायला नाहीत. विश्वकोश मंडळाने विषयवार ज्ञानमंडळे करून नव्या नोंदी घालायला घेतल्या आहेत, त्या आधी पाहाव्यात. त्याच्याही मागे जायचे तर श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आहे. तेवीस खंड, तोही आता ऑनलाइन. माहितीसाठी नव्हे, तर शंभर वर्षांपूर्वी मराठी माणसाने जग कसे मांडले हे बघायला तो उघडावा.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातले लेख कमी-जास्त दर्जाचे आहेत. काही सुरेख, काही दोन ओळींवर थांबलेले. मी त्याची शिफारस वाचण्यापेक्षा लिहिण्यासाठी जास्त करतो. तुमच्या गावाच्या, तुमच्या धंद्याच्या एखाद्या विषयावरचा तोकडा लेख घ्या आणि प्रत्येक वाक्याला आधार देत तो वाढवा. आपल्याला माहीत आहे असे वाटणाऱ्या किती गोष्टींना आधार सापडत नाही, हे त्या कामातच कळते.

विज्ञान करून बघायचे असेल, विशेषतः मुलांबरोबर, तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळाला तोड नाही. पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत विज्ञान शिकवले आणि शेकडो पुस्तके इंग्रजी, हिंदी, मराठीत सर्वांसाठी खुली ठेवली. माचिसच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, जुनी वर्तमानपत्रे यांहून महाग काही लागत नाही.

संगणक शिकायला आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प पाहा. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने झालेला. सुमारे दहा मिनिटांचा एक पाठ, विषय मोफत सॉफ्टवेअरचा, आवाज अनेक भारतीय भाषांत, त्यांत मराठीही. रचना अशी की अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्यावर तुमचे काम. थांबवायचे, करायचे, पुढे जायचे. नुसते बघत बसायची सोयच त्यांनी ठेवलेली नाही, म्हणून मला तो आवडतो. पायथन शिकलात तर ६१७४ चा सगळा नकाशा संगणक डोळ्याची पापणी लवायच्या आत काढून देईल. फक्त पहिल्या दहा संख्या हाताने करा, नाहीतर संगणकाने काय सांगितले तेच कळायचे नाही.

पदवीच्या पातळीला जायचे तर आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेला एनपीटीईएल हा उपक्रम आणि ९ जुलै २०१७ ला सुरू झालेले ‘स्वयं’ व्यासपीठ. व्याख्याने विनाशुल्क, प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क. नोकरीला कागद लागतो त्यांनी तो जरूर घ्यावा. पण मोफत अभ्यासक्रमांना नाव नोंदवणारे बहुसंख्य लोक ते अर्ध्यावर सोडतात, हे जगभर दिसून आले आहे. आळस हे त्याचे सोपे स्पष्टीकरण झाले, आणि मला ते पटत नाही. बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम दुसऱ्या कुणाच्या प्रश्नांची उत्तरे देत असतो. तुमचा प्रश्न तिसऱ्या आठवड्यात सुटला तर तिसऱ्या आठवड्यात उठून जावे, यात काही गैर नाही. आणि प्रश्नच नसेल तर बाराव्या आठवड्यापर्यंत बसूनही हाती फारसे लागत नाही.

कापरेकरांकडे होते ते हे: स्वतःचा प्रश्न, आणि तो रोज हाताने घासायची सवय. साधने त्यांना मिळाली नाहीत, मिळाली ती महाग मिळाली. आज साधने मिळाली, पण प्रश्न फुकट उतरवून घेता येत नाही. तो कामातून येतो. देवळालीजवळच्या द्राक्षबागेत भुरीचा रोग कोणत्या हवेत वाढतो, आजोबांच्या सातबाऱ्यावरचा तो शेरा काय सांगतो, भगूरच्या बाजारात कांद्याचा भाव एका रात्रीत का पडला, तोफगोळा पडण्याची जागा आधी कशी ठरवतात. यांतला कोणताही प्रश्न एका माणसाला वनस्पतिशास्त्र, जमीन कायदा, अर्थशास्त्र किंवा यंत्रशास्त्रात दूरवर नेऊ शकतो. विषय निवडून साधन शोधू नका. प्रश्न वहीत लिहा आणि मग त्याच्यापुरते साधन उघडा.

दुसरी गोष्ट जी पडद्यावर मिळत नाही ती माणसांची सोबत. याची जाण नाशिकलाच फार आधी आली होती. १९८९ मध्ये इथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. गंगापूर धरणाच्या बाजूला त्याचा परिसर आहे. पहिले कुलगुरू राम ताकवले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. शाळा सुटलेल्या माणसाला पूर्वतयारीचा टप्पा पार करून पदवीच्या वर्गात येऊ देणे हे त्या विद्यापीठाचे मोठे काम. पुस्तके घरी पाठवून ते थांबले नाही; गावोगावी अभ्यासकेंद्रे काढली, तिथे समंत्रक बसवले, ठराविक दिवशी विद्यार्थी एकत्र येतील अशी सोय केली. घरी एकट्याने वाचणाऱ्याला अडखळल्यावर विचारायला कुणीतरी लागते, हे त्यांनी धरूनच व्यवस्था बांधली. विद्यापीठात नाव घालायचे नसले तरी ही व्यवस्था तुम्ही स्वतःपुरती करू शकता. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. तुमच्या गावातही एखादे असेल. तिथे आठवड्यातून एकदा तिघांनी बसून आपापल्या वह्या उघडाव्यात. कापरेकर आयुष्यभर परिषदांना जात राहिले, शाळा-कॉलेजांत बोलत राहिले, ते याच गरजेपोटी.

लिहून ठेवणे ही तिसरी. मद्रासचे भाषण, न्यूयॉर्कचा लेख, देवळालीची पुस्तिका, यांतून कापरेकरांचे काम उरले. मनातल्या मनात केलेले गणित त्यांच्याबरोबरच गेले असते. तुम्ही शिकलेल्या गोष्टीचे एक पान मराठीत, दुसऱ्याला कळेल असे, लिहून काढा. जिथे वाक्य अडेल तिथे समज अडलेली असते.

तर आता कागद घ्या. तीन अंकी संख्यांवर कापरेकरांची वजाबाकी करून बघा; तीही एका जागी जाऊन थांबते, ती जागा तुम्हीच शोधा. मग दोन अंकी घ्या. तिथे थांबणे नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे रिंगण आहे. तसे का, याचे बीजगणित वर दिलेल्या पद्धतीने मांडा. चारऐवजी दोन अक्षरे लागतील, काम सोपे आहे. मग पाच अंकी संख्यांकडे जा, तिथे वही भरेल. ओईआयएस उघडायचे ते वही भरल्यावर, आधी नाही.